वऱ्हाडाच्या बसमध्ये विमानाचे दाणे

वऱ्हाडाच्या बसमध्ये विमानासारखा नाश्ता द्यायचा, ही कल्पना माझी एकट्याची होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पांढुर्ण्यात ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जे विसरले असतील त्यांना माझी बायको सुधा आठवण करून देते.

त्याचं असं झालं. शुभम, आमचा मुलगा, बंगलोरला नोकरीला आहे. त्याच्याकडे जाताना आम्ही नवराबायको पहिल्यांदा विमानात बसलो. नागपूरहून विमान उडालं, खिडकीत ढग आले, गेले. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. ढग पांढुर्ण्यातूनही दिसतात. मला भावली ती पुढची गोष्ट. एक मुलगी छोटीशी ट्रॉली ढकलत आली, माझ्या खुर्चीपाशी थांबली, जरा वाकली आणि म्हणाली, "सर, आप क्या लेंगे?"

मी शिक्षण विभागाच्या कचेरीत बडा बाबू आहे. बाबूला लोक 'माझ्या फाइलचं काय झालं' असं विचारतात, 'साहेब कुठं गेले' असं विचारतात. 'तुम्ही काय घ्याल' असं उभ्या नोकरीत कुणी विचारलं नव्हतं. मी गांगरून 'नथिंग' म्हणालो. तरी तिने हसून माझ्या हातावर दाण्यांचं एक चिमुकलं चंदेरी पाकीट ठेवलं. उघडून पाहतो तर आपले फल्लीदाणेच, खारे. आमच्याकडे शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतात आणि घरात त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. पण वाकून दिले की त्याच दाण्यांना निराळीच चव येते, हे मला त्या दिवशी कळलं. मी एकेक दाणा खाल्ला. रिकामं पाकीट नमुन्यादाखल खिशात घालत होतो, तर ती मुलगी कचऱ्याची पिशवी घेऊन आली आणि पाकिटाचं दुसरं टोक धरून ओढू लागली. आमची थोडी झटापट झाली. शेवटी पाकीट माझ्याकडेच राहिलं, पण सुधा विमान उतरेपर्यंत मी तिच्या ओळखीचा नसल्यासारखी खिडकीबाहेर पाहत होती.

आता आपल्या वऱ्हाडाच्या बसमधला नाश्ता आठवा. पुढून एक टोपलं निघतं, त्यात ज्याचा त्याचा हात जातो, ज्याचा हात लांब तो तृप्त होतो आणि मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडे पोचतो तो फक्त तळाचा चुरा. माणसाला लग्नाला बोलवायचं आणि असं वागवायचं? म्हणून शुभमचं लग्न रामाकोन्याच्या वृषालीशी ठरलं आणि पांढुर्ण्याहून रामाकोन्यापर्यंत बस न्यायची ठरली, तेव्हा मी घरात जाहीर केलं, की या बसमध्ये प्रत्येक माणसापाशी कुणीतरी थांबेल, वाकेल आणि 'आपण काय घ्याल' असं विचारेल.

"अन् तो काय घेईन?" सुधाने विचारलं.

"दाणे."

"मंग विचारायचं कायले?"

पण सुधाची खरी काळजी निराळी होती. "तुम्हाले साक्षगंधाची गोष्ट याद नाही काय?" ती म्हणाली. "इवायाच्या मनाले लागलं आहे ते."

ती गोष्ट अशी. आमचे व्याही गुणवंतराव संत्र्याचे बागायतदार. माणूस कमी बोलणारा, पण पाहुण्याच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा. त्यांच्या दारी साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, त्या दिवशी आमचे जावई भूपेंद्र यांच्यापर्यंत येता येता आलूबोंड्यांची परात रिकामी झाली. जावई तो जावई. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रामाकोन्यात आलू मिळत नाहीत वाटते." लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून घरात सांगून ठेवलं होतं, की लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं की पहिलं काम नाश्त्याचं, आणि पांढुर्ण्याचा एकही माणूस 'आता पुरे' म्हटल्याशिवाय उठता कामा नये. सौसरचा नावाजलेला आचारी त्यांनी आलूबोंड्यांसाठी सांगितला होता.

"तुम्ही वऱ्हाडाले रस्त्यातच खाऊ घालाल, तं तिथं कोण खाईन?" सुधा म्हणाली. "इवायाले काय वाटन?"

मी तिला शांतपणे समजावलं, की विमानातला नाश्ता भूक भागवायला नसतोच मुळी. तो भूक लावायला असतो. चिमूटभर दाणे खाल्ले की माणूस उलट जास्त भुकेजतो. म्हणजे मी गुणवंतरावांची सेवाच करत होतो. हे तर्कशास्त्र मला आजही बिनचूक वाटतं. बिघडलं ते अंमलबजावणीत.

पहिला प्रश्न पाकिटाचा आला. दाणे घरी वाळूत भाजले, मीठ लावलं, छोट्या पिशव्या आणल्या. पण पिशवीला सुतळी बांधली तर ती पूजेचं सामान वाटते. विमानासारखी सीलबंदच हवी. गावातल्या नमकीनवाल्याकडे सील करायचं मशीन आहे. तो म्हणाला, "भाऊ, वरतं नाव नाही, तारीख नाही, असं पाकीट मी सील नाही करत. उद्या कोणाचं पोट दुखलं तं? तुम्ही परमिशन घेऊन या." मी स्वतः कचेरीतला माणूस. परमिशन या शब्दाने मला हुरूपच येतो. मी चांगला इस्त्रीचा शर्ट घालून संबंधित कचेरीत गेलो.

तिथल्या बाबूने विचारलं, "बेचना है?"

"नहीं. शादी में बाँटना है."

"तो सील क्यों कर रहे हो?"

"विमान जैसा लगना चाहिए."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "देखिए, विमान का मामला हमारे यहाँ नहीं आता." पांढुर्ण्याचा नवा जिल्हा झाल्यापासून कोणता मामला कुठे येतो याबद्दल सगळीकडेच थोडा संभ्रम आहे, त्यामुळे मी त्याला दोष दिला नाही. मीही माझ्या टेबलावरून बऱ्याच लोकांना असंच परत पाठवलेलं आहे. पण खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने ते वाक्य फार वेगळं ऐकू येतं.

शेवटी तोड काढली भैय्याजींनी. भैय्याजी आमचे शेजारी, तिगाव स्टेशनवरून रिटायर झालेले. जगातला कुठलाही प्रश्न रेल्वेत आधीच सुटलेला आहे असं त्यांचं मत. ते म्हणाले, "मेणबत्ती लावा, पिशवीचं तोंड पट्टीत धरा अन् जोतीवरून फिरवा. झालं सील." आम्ही सगळे ओसरीत मेणबत्त्या लावून बसलो. काही पिशव्या जळल्या, काहींमधून दाणे सांडले, आणि ज्या खरोखर सील झाल्या त्या पुढे कुणाच्याच दातांना दाद देईनात. पण ओळीने मांडल्यावर त्या फार देखण्या दिसत होत्या.

त्या ओळी पाहायलाच समोरच्या कलाबाई आल्या आणि तिथून घसरण सुरू झाली. त्यांनी एक पाकीट उचललं, तळहातावर तोललं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हे वऱ्हाडाले देऊन राहिले का चिमण्याईले?"

"विमानात एवढेच देतात, बाई."

"विमानातले लोक तुमच्या लग्नाले येऊन राहिले काय? पांढुर्ण्याचे लोक आहेत. गावभर नाव घेतीन, का पोराच्या लग्नात मोजून दाणे देल्ले." त्या घरी गेल्या आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आल्या. एक मूठ प्रत्येकाला. नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण कलाबाईंनी ते आमच्याचसाठी केले होते.

भैय्याजींना ते पटलं. "बराबर आहे. गाडी लेट होते म्हंजे होते. अन् लेट गाडीतला भुकेला पॅसेंजर लय खतरनाक असते, भाऊ. तो पहिले मास्तरले पकडते." त्यांच्या घरून चिवडा आला. मग सुधाच्या लक्षात आलं, की लग्नात नुसतं खारं-तिखट देत नाहीत, काहीतरी गोड हवंच, नाहीतर अपशकुन. बुंदीचे लाडू झाले. लाडूंनी तोंड गोड झाल्यावर बडीशेप हवी. कोथिंबिरीची सांभारवडी कुणी आणली ते मला माहीत नाही. मी कचेरीतून आलो तर ती होती. एवढं सगळं पिशवीत मावेना, म्हणून एका कापड दुकानाच्या थैल्या आणल्या. त्या थैलीच्या तळाशी, लाडवांच्या खाली, माझं दाण्यांचं पाकीट कुठेतरी दबलेलं होतं. सुधाने एकदा थैली उचलून माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

पण मी ट्रॉलीच्या मागे लागलो होतो. गावात एका डॉक्टरांचा दवाखाना बंद पडला आहे. तिथली ड्रेसिंगची ट्रॉली त्यांनी मोठ्या मनाने दिली. तिला डेटॉलचा वास होता आणि एक चाक रडत होतं. भैय्याजींनी बसच्या मधली वाट वितीने मोजली आणि "आरामात निघते" असं सर्टिफिकेट दिलं. बसवाला मात्र अडला. "सवारीचं परमिट आहे माह्याकडे, दवाखान्याचं नाही," तो म्हणाला. त्याची समजूत घालण्यात माझा एक आख्खा रविवार गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी बस निघाली. हवाईसुंदरीचं काम आमच्या डिंपलकडे होतं. डिंपल ही आमची मुलगी, म्हणजे आलूबोंडेवाल्या भूपेंद्ररावांची बायको. तिला माझी कल्पना पहिल्यापासून आवडली होती. घरात ती एकटीच माझ्यावर गेली आहे. पैठणी नेसून ती पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार! रामाकोन्याला जाणाऱ्या या बसमध्ये आपलं स्वागत आहे. या बसला दोन दरवाजे आहेत. मागच्या दरवाज्याला सामान लावलेलं आहे, त्यामुळे तो उघडत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला.

मग ट्रॉली निघाली, मागच्या सीटपासून पुढे. डिंपल प्रत्येकापाशी थांबत होती, वाकत होती, विचारत होती. आमच्या सासरकडचे एक म्हातारे मामाजी आहेत. त्यांना तिने "मामाजी, आपण काय घ्याल?" असं विचारलं, तर त्यांनी आधी डोक्यावरची टोपी नीट केली. मग म्हणाले, "बाई, तू जे देशील ते." मी सुधाकडे वळून पाहिलं. तिनेही पाहिलं होतं. त्या क्षणी, खरं सांगतो, मला त्या ट्रॉलीचं सगळं काही वसूल झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात जामसांवलीच्या अलीकडे बस एका खड्ड्यात आदळली. ट्रॉली उडाली आणि दोन सीटांच्या दांड्यांमध्ये अशी काही बसली, की पुढे जाईना, मागे येईना, वर निघेना. वितीने मोजताना भैय्याजींनी दांड्या धरल्याच नव्हत्या. "रेल्वेत दांड्या नसतात," ते म्हणाले.

आमच्याकडे जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेतल्याशिवाय कुणी शुभकार्याला पुढे जात नाही. बस थांबली. ट्रॉलीच्या पुढची माणसं खाली उतरली आणि मंदिरात गेली. मागची अर्धी बस आतच अडकली, कारण मागच्या दरवाज्याला सामान लावलेलं होतं. कलाबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून तिथूनच हात जोडले. "मारुतीराया, तू समुद्र ओलांडला, आमच्यानं हे ट्रॉली नाही ओलांडत," असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की रस्त्यावरचे नारळवाले गोळा झाले.

पाना घेऊन मिस्त्री येईपर्यंत बराच वेळ गेला. आणि अडकलेला माणूस काय करतो? तो खातो. मागच्यांनी आपल्या थैल्या संपवल्या. मग ट्रॉलीवरच्या, म्हणजे अजून न वाटलेल्या थैल्या हाताशीच होत्या, त्याही संपवल्या. दर्शन घेऊन आलेल्यांनी हे पाहून आरडाओरडा केला, तेव्हा सुधाने जास्तीच्या म्हणून करून ठेवलेल्या थैल्या काढल्या. भूपेंद्रराव रुसले होते, कारण त्यांच्या बायकोने त्यांना सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. त्यांची समजूत काढायला चार जण चार थैल्या घेऊन गेले आणि त्यांनी एकालाही नाराज केलं नाही. सौसर मागे पडलं तेव्हा बसमध्ये फक्त ढेकर ऐकू येत होते.

रामाकोन्याच्या वेशीवर गुणवंतराव फेटा बांधून उभे होते. गळाभेट झाली, कुंकू लागलं, पाणी झालं. मंडपाच्या बाजूला टेबलं मांडली होती आणि परातीत आलूबोंड्यांचे डोंगर होते. तर्रीचा तो वास! एरवी त्या वासावर आमचं वऱ्हाड तुटून पडलं असतं. पण माणसं खुर्च्यांवर टेकली आणि टेकलीच. कुणी म्हणालं, "नंतर पाहू." कुणी म्हणालं, "पाणी द्या फक्त." भूपेंद्रराव तर जानोश्यात, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरायच्या घरात, जाऊन आडवेच झाले.

गुणवंतराव झारा हातात घेऊन उभे होते. आधी त्यांना वाटलं, लोक संकोच करताहेत. ते एकेकापाशी गेले. मग त्यांची नजर एका खुर्चीखालच्या थैलीवर गेली. त्यांनी ती उचलली, आत पाहिलं. शंकरपाळ्यांचा चुरा, लाडवाचे दाणे. ते माझ्यापाशी आले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"घरून बांधून आणलं, भाऊ?"

"नाही, म्हणजे... विमानात असं देतात. मी म्हटलं..."

"मी विमान पाह्यलं नाही," ते म्हणाले. "मी पाहुणे पाह्यले आहेत. मांगच्या वेळी कमी पडलं, ते तुम्ही ध्यानात ठेवलं. ठेवाचंच. चूक माही होती." आणि त्यांनी झारा परातीत ठेवला, हळूच, आवाज न करता.

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की विमानातलं ते चंदेरी पाकीट सापडलं असतं तर त्यातच शिरलो असतो. तेवढ्यात शुभम मुंडावळ्या सावरत धावत आला. "बाबा, वृषाली रडून राहिली. तिच्या बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. कन्यादानाचा उपास तर आहेच, पण ते पाणीसुद्धा नाही पिले. म्हणाले, वऱ्हाडानं पहिला घास घेतला का मग पिईन."

सुधा माझ्याकडे पाहत होती. "काहीतरी करा," ती म्हणाली. "तुम्हीच केलं, आता तुम्हीच निस्तरा."

आता सांगा, तुडुंब भरलेल्या वऱ्हाडाला भूक कशी लावायची? माझ्या डोक्यात एकच उपाय आला आणि तो मला अजिबात आवडला नाही. नवरदेवाची वरात अजून गावच्या मारुतीच्या मंदिरात जायची होती. मंदिर हाकेच्या अंतरावर. मी बँडवाल्याला बाजूला घेतलं. "सरळ नको जाऊस," म्हटलं. "पूर्ण गावातून फिरव. आणि जोरात वाजव." बँड सुरू झाला. पण नाचायला कुणी उठेना. पोरंसुद्धा पोटावर हात ठेवून बसली होती.

मग मी नाचलो.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी आजवर कुणाच्या वरातीत नाचलेलो नाही. बड्या बाबूने नाचू नये असा माझा नियम होता, आणि आमच्या वऱ्हाडात अर्ध्या शाळांचे हेडमास्तर होते, ज्यांच्या फाइली माझ्याकडे असतात. मला नाचताच येत नाही. माझे हात आपोआप कागदांवर शिक्के मारल्यासारखे खालीवर होऊ लागले. हेडमास्तर आधी घाबरले, मग हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की बडा बाबू नाचत असताना बसून राहणं फाइलीच्या दृष्टीने बरं नाही. ते उठले. भैय्याजी रुमालाचा हिरवा झेंडा करून पुढे झाले. "सिग्नल देल्ला!" असं ओरडत कलाबाईंनी फुगडीच धरली. सुधाने जानोश्यात जाऊन भूपेंद्ररावांना उठवलं. "सासरा उन्हात नाचून राहिला अन् जावई लोळून राहिला, लोक काय म्हणतीन?" असं ती म्हणाल्याचं मी ऐकलं. भूपेंद्रराव आले, आणि काय सांगू, तो माणूस नाचायला एक नंबर निघाला.

रामाकोन्यात एवढे रस्ते असतील असं मला वाटलं नव्हतं. बँडवाल्याने एकही गल्ली सोडली नाही. गुरुजी मुहूर्त मुहूर्त म्हणून हातवारे करत मागून धावत होते. आमची पोरं त्यांनाही नाचात धरायला पाहत होती. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं. माझा फेटा सुटला, चप्पल कुठेतरी राहिली, आणि एका वळणावर मला दिसलं, की गुणवंतराव माळवदावर उभे राहून खाली पाहताहेत. वरातीत नवरदेवाचा बाप अनवाणी उड्या मारत होता आणि तो कशासाठी मारत होता हे त्या माणसाला कळलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, म्हणून मी अजून जोरात उड्या मारल्या.

मंदिरातून वरात परत आली ती थेट टेबलांवर. "आलूबोंडा! इकडे आलूबोंडा!" अशी ओरड झाली. परातीचे डोंगर बसत चालले. भूपेंद्ररावांनी तर तर्रीची वाटी तोंडालाच लावली. गुणवंतराव झारा घेऊन धावत होते, आग्रह करत होते, घाम पुसत होते. थोड्या वेळाने त्यांचा आचारी जवळ आला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "दादा, संपले."

"संपले?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एक बी नाही उरला."

त्या माणसाला एवढं हसू आलं, की त्याला खुर्ची धरावी लागली. "भाऊ!" ते मला हाक मारून म्हणाले, "आलूबोंडे संपले हो!" आणि तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायले. माझ्या ताटात त्यांनी आधीच वाढून ठेवलं होतं. मी उभ्या उभ्या, धापा टाकत, सगळं खाल्लं. मी तीनदा 'पुरे' म्हणालो आणि तिन्ही वेळा त्यांनी ताट खाली ठेवू दिलं नाही.

मुहूर्त टळला होता. गुरुजींनी पंचांग उलटंपालटं करून दुसरा शोधला आणि तो पहिल्यापेक्षाही चांगला आहे असं सांगितलं. लग्न लागलं.

निरोपाच्या वेळी दाराशी फुलांनी सजवलेली कार उभी होती. पण वृषाली म्हणाली, "मले बसमध्ये जायचं आहे. डिंपलताई म्हणतात, तिथं विचारून देतात." तिच्या आईने डोळे पुसता पुसता हसून घेतलं. वृषाली आणि शुभम बसमध्ये मागे जाऊन बसले. आमची माणसं चढली. ट्रॉली जामसांवलीतच राहिली होती, तिचं चाक मिस्त्रीकडे आणि बाकीची नारळवाल्याकडे. ड्रायव्हर हॉर्न देत होता.

तेव्हा गुणवंतराव एक परात घेऊन बसमध्ये चढले. त्यात संत्र्याच्या बर्फ्या होत्या, घरच्या. "थांब बाबा जरासा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "लोकाईले रस्त्याचं देतो." आणि ते पहिल्या सीटपाशी थांबले, वाकले, आणि डिंपलने शिकवल्यासारखं विचारलं, "आपण काय घेसान?" परातीत दुसरं काहीच नव्हतं. तरी ते प्रत्येकाला विचारत होते. एकेका सीटपाशी थांबत होते, तब्येतीची चौकशी करत होते, पाठीवर हात ठेवत होते. कलाबाईंना दोनदा विचारलं. मागच्या रांगेकडे जायला ते जेवढा वेळ लावत होते तेवढा वेळ मी आमच्या कचेरीतल्या एकाही फाइलला लावलेला नाही.

ड्रायव्हरने वाट पाहून पाहून गाडी सुरू केली. गुणवंतराव तेव्हा मधल्या रांगेत होते. त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल. कुणीच ड्रायव्हरला थांबवलं नाही. रामाकोन्याची वेस मागे पडली. ते तसेच एका हाताने दांडी धरून, एका हातात परात सांभाळत मागच्या सीटकडे सरकले.

शेवटी ते लेकीपाशी पोचले. वाकले. "आपण काय घेसान?" असं विचारायचं सोडून त्यांनी परात नुसती पुढे केली. वृषालीने परातीतली एक बर्फी उचलली, अर्धी मोडली आणि त्यांच्या तोंडात घातली. दिवसभरात त्यांच्या पोटात गेलेला तो पहिला घास. शुभम उठला आणि त्याने आपली जागा त्यांना दिली.

भैय्याजी माझ्या कानाशी लागले. "भाऊ, सौसरले उतरवून देऊ त्याईले. तिथून परतीची गाडी भेटते." त्यांचा आवाज नेहमीसारखा स्टेशनवरचा राहिला नव्हता. सुधा समोर पाहत होती आणि तिने माझा हात धरला होता, चारचौघांत, जे तिने कधी केलेलं नाही.

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं आणि विचारलं, "सौसरले थांबवू काय, साहेब?"

"थांबव," मी म्हटलं. "पण तोवर हळू चालव."